दरबारातील निवाडा

चित्रपटातील एखाद्या गीताला पारितोषिक मिळते तेव्हा ते नेमके कोणाच्या पदरात पडते, हा प्रश्न वरवर पाहणाऱ्यास केवळ जमाखर्चाचा वाटेल. परंतु बोलपटांच्या पहिल्या पाव शतकातील संगीताचा थोडा अधिक कसोशीने विचार करू लागणाऱ्या रसिकाला त्या प्रश्नाची वाट चुकवून फार दूर जाता येत नाही. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, वाद्यमेळाची रचना तिसऱ्याची, कंठ चौथ्याचा आणि पडद्यावर हलणारे ओठ पाचव्याचे, अशा या सामाईक मिळकतीत कोणाचा हिस्सा किती, याची वाटणी कोणी कधी लिहून ठेवली नव्हती. आणि १९४९ साली ‘महल’ चित्रपटातील एका अत्यंत लोकप्रिय गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर गाणाऱ्या लता मंगेशकरांच्या नावाऐवजी कथेतील कामिनी या पात्राचे नाव छापले गेले होते, एवढी एकच गोष्ट ध्यानात घेतली तरी त्या काळी गायकाचा हक्क कोणत्या पायरीवर उभा होता, हे वेगळे सांगावे लागत नाही.

ही रीत केवळ आपल्याकडचीच होती असे नव्हे. अमेरिकेतील चित्रपट अकादमीने १९३४ सालच्या चित्रपटांपासून उत्कृष्ट गीतासाठी स्वतंत्र पारितोषिक ठेवले आणि ‘द गे डिव्होर्सी’ या नृत्यगीतप्रधान बोलपटातील ‘द कॉन्टिनेन्टल’ हे गीत त्याचे पहिले मानकरी ठरले, तेव्हा ते कॉन कॉनरॅड व हर्ब मॅगिडसन या संगीतकार आणि गीतकाराच्या जोडीला देण्यात आले. ज्यांनी ते गायिले त्यांचा त्यावर दावा नव्हता, आणि तेथील वहिवाट आजही तीच आहे. आपल्याकडे फिल्मफेअर नियतकालिकाचा पहिला पारितोषिक समारंभ २१ मार्च १९५४ रोजी मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात झाला, त्यात इनमिन पाच पारितोषिके होती, आणि त्यांतले संगीताचे एकमेव पारितोषिक ‘बैजू बावरा’मधील ‘तू गंगा की मौज’ या गीताचा दाखला देऊन नौशाद यांना मिळाले. काव्य शकील बदायुनींचे, कंठ महंमद रफी आणि लता मंगेशकरांचे, भैरवी सर्वांची. दप्तरात नाव मात्र एकट्या संगीतकाराचे. नौशाद यांचा अधिकार यामुळे यत्किंचितही उणा होत नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो. परंतु एखाद्या गावचे वतन एकाच भावाच्या नावे लागावे आणि कसणारे बाकीचे भाऊ खातेउताऱ्यात कोठेच नसावेत, तसा हा मामला होता.

या ‘बैजू बावरा’त आणखी एक गीत होते, ज्याला पारितोषिक मिळाले नाही, पण ज्याच्यामुळे पारितोषिकाचा विचारच निराळ्या दिशेने वळतो. कथेच्या शेवटी अकबराच्या दरबारात तानसेन आणि बैजू यांचा सामना होतो. देसी रागातील त्या सामन्यात तानसेनाचा कंठ उस्ताद अमीर खाँ यांचा आणि बैजूचा पंडित द. वि. पलुसकरांचा आहे, आणि दगड वितळवून बैजू जिंकतो. पलुसकर तेव्हा एकतिशीचे, अमीर खाँ चाळिशीला टेकलेले. कथेचा नायक जिंकलाच पाहिजे, या एका कलमाखाली इंदूरच्या त्या गंभीर गवयाने ग्वाल्हेरच्या प्रसन्न गायकीपुढे हार मान्य केली, आणि दोघांपैकी कोणाच्याही शिष्यपरिवाराने त्यावर फिर्याद गुदरल्याचे ऐकिवात नाही. दरबार लाकडाचा होता, दगड बहुधा मेणाचा असावा. गाणे तेवढे खरे होते.

पुढील पानांचा विषय असलेले गीत याच वंशातले, चार वर्षांनी धाकटे. ‘बसंत बहार’ हा राजा नवाथे यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट १९५६ साली आला. त्यातील दरबारी सामन्याचे ‘केतकी गुलाब जूही’ हे गीत शैलेंद्र यांनी लिहिले, शंकर-जयकिशन यांनी स्वरबद्ध केले, आणि मन्ना डे व भीमसेन जोशी यांनी गायिले. नायक पुन्हा भारतभूषणच, म्हणजे ज्या गृहस्थाने ‘बैजू बावरा’त पलुसकरांच्या कंठाने तानसेनाला जिंकले, त्यानेच येथे मन्ना डे यांच्या कंठाने दुसऱ्या एका गवयाला जिंकले, आणि जो हरला तो आवाज आमच्या मुलखातला होता.

‘आमच्या’ असे म्हणताना हुबळी-धारवाडच्या मराठी वाचकाच्या मनात जो अभिमान उभा राहतो त्याची थोडी फोड केली पाहिजे. भीमसेन जोशी तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यात १९२२ साली जन्मले आणि गदगला वाढले. त्यांचे वडील गुरुराज जोशी शिक्षक आणि कन्नड कोशकार. घरची भाषा कन्नड, पण तो जिल्हा मुंबई इलाख्याचा, तेथील कचेऱ्यांत, नाटकमंडळ्यांत आणि बैठकींत मराठीचा राबता पिढ्यान्‌पिढ्यांचा. हुबळीपासून अगदी जवळ, तेव्हाच्या जमखिंडी संस्थानच्या मुलखात, कुंदगोळ हे लहानसे गाव आहे. तेथल्या नाडगीरांच्या वाड्यात अब्दुल करीम खाँसाहेबांचे येणेजाणे असे, आणि तेथलेच रामभाऊ कुंदगोळकर खाँसाहेबांचे शिष्य होऊन पुढे मराठी रंगभूमीवर सुभद्रेच्या भूमिकेत इतके गाजले की, बालगंधर्वांचा जमाना ऐन भरात असताना वऱ्हाडच्या दादासाहेब खापर्ड्यांनी त्यांना ‘सवाई गंधर्व’ म्हटले. ना सनद, ना समिती, ना शिक्का; एका जाणत्याच्या तोंडून निघालेली ती पदवी मूळ नावाला पुसून टाकून कायम झाली. या सवाई गंधर्वांपाशी हुबळीच्या गंगूबाई हनगल शिकल्या, आणि घर सोडून गुरूच्या शोधात हिंदुस्थानभर भटकून परतलेले भीमसेनही तेथेच स्थिरावले.

भीमसेनांनी घर सोडले ते वयाच्या अकराव्या वर्षी, आणि त्याचे एक निमित्त होते अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरीची ध्वनिमुद्रिका. या ठुमरीचा प्रवास मोठा बोलका आहे. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. त्या तीन मिनिटांत खाँसाहेबांनी जे भरून ठेवले, त्याने गदगचा एक मुलगा वेडा होऊन घराबाहेर पडला, आणि तीच ठुमरी लवकरच न्यू थिएटर्सच्या ‘देवदास’ (१९३५) चित्रपटात कुंदनलाल सैगल यांच्या कंठातून साऱ्या देशभर पोचली. म्हणजे ज्या स्वरावळीने भीमसेनांना ख्यालाच्या वाटेवर आणून सोडले, तिचे बोलपटाशी नाते ते गुरूकडे पोचण्याआधीच जुळले होते. आपल्याकडील गवई आणि चित्रपट यांच्यामध्ये जणू तटबंदी होती आणि भीमसेनांसारखा एखादाच ती ओलांडून पलीकडे गेला, अशी जी समजूत आहे ती मला मान्य नाही. तबकडीच्या तीन मिनिटांनी ती तटबंदी पूर्वीच पोखरली होती. गवयाला आटोपशीर गाण्याची आणि श्रोत्याला आटोपशीर ऐकण्याची सवय चित्रपटाने लावली नाही, ती ग्रामोफोनने लावली.

आता कथेकडे. ‘बसंत बहार’ची मूळ कादंबरी कन्नड. त. रा. सु. या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे चित्रदुर्गकडील कादंबरीकार त. रा. सुब्बराव यांच्या ‘हंसगीते’वर तो आधारलेला आहे. ती कथा भैरवी वेंकटसुब्बय्या या अठराव्या शतकातील गायकाची. टिपू सुलतानाच्या हुकमासरशी गाण्यापेक्षा स्वतःची जीभ कापून घेणे ज्याने पत्करले, अशी त्याची आख्यायिका. वाचकाने येथे क्षणभर थांबावे. मूळ कथेतील गायक दरबाराला नकार देण्यात मोठा ठरतो. तीच कथा मुंबईच्या चित्रशाळेत आली, तिचा दरबार बदलला, कर्नाटक संगीताच्या जागी हिंदुस्थानी संगीत आले, आणि गायकाने दरबारात जाऊन सामना जिंकणे हा तिच्या संगीताचा कळस झाला. सोन्याची नाणी, सिंहासन आणि वाहवा यांशिवाय गायकाचे मोठेपण पडद्यावर दाखवता येत नाही, असा त्या काळच्या निर्मात्यांचा पक्का ग्रह होता. तो सर्वस्वी चुकीचा होता असेही म्हणवत नाही, कारण प्रेक्षकांनी त्याला भरभरून दाद दिली. एक योगायोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे: चित्रपटाच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, भाषावार प्रांतरचनेनुसार धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेला. कन्नड कादंबरी, मराठी दिग्दर्शक, बंगाली कंठाचा विजयी नायक, आणि पुण्यास स्थायिक झालेला धारवाडकडचा पराभूत गवई, अशी ही सरमिसळ ज्या वर्षी पडद्यावर आली, त्याच वर्षी जमिनीवरील सीमा मात्र भाषेच्या सुताने आखल्या गेल्या.

गीताच्या जन्माची हकीकत मन्ना डे यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. भीमसेन जोशींबरोबर गावयाचे आहे, इतकेच नव्हे तर नायक आपला असल्यामुळे त्यांना हरवावयाचे आहे, हे कळताच त्यांचा धीर सुटला. काही दिवस मुंबई सोडून कोठे तरी जावे, म्हणजे हे काम आपोआप दुसऱ्याकडे जाईल, अशी त्यांनी तजवीज मांडली, आणि कथेच्या नायकाला जिंकवणे हे तुमचे कर्तव्यच आहे असे पत्नीने समजावल्यावर ते रियाजाला बसले. ध्वनिमुद्रणानंतर भीमसेनांनीच त्यांना शास्त्रीय गायनाकडे गांभीर्याने वळण्याचा सल्ला दिला, असेही ते सांगत. या हकीकतीत मला जी गोष्ट विशेष वाटते ती मन्ना डे यांच्या विनयाची नव्हे, कारण विनय हा आठवणी सांगणाऱ्या गायकांचा सार्वत्रिक अलंकार आहे. विशेष हे की वयाने ते भीमसेनांहून तीन वर्षांनी मोठे, एका प्रख्यात गायकाचे पुतणे, रीतसर तालीम घेतलेले, आणि तरीही या निवाड्याचा अन्याय सर्वांत आधी जाणवला तो ज्याच्या बाजूने निकाल लागणार होता त्यालाच.

परंतु हा निवाडा खरोखरच अन्यायाचा होता काय? येथे जरा बारकाईने पाहिले पाहिजे, आणि बसंत-बहार या जोडरागाचा विचार केल्यावाचून ते पाहता येत नाही. बसंत हा पूर्वी थाटाचा, कोमल ऋषभ-धैवतांचा आणि तीव्र मध्यमाचा राग, त्याची चढण तारसप्तकाकडे डोळे लावून बसलेली. बहार काफी थाटाचा, कोमल गांधार, शुद्ध ऋषभ आणि दोन्ही निषाद खेळवणारा, मध्यमाशी सलगी करणारा. ऋतू एक असला तरी स्वभाव जवळजवळ परस्परविरुद्ध. अशा दोन रागांना एकत्र नांदवणे म्हणजे दोघांपैकी कोणालाही दुसऱ्यावर मात करू न देणे. गवयाची परीक्षा ही की एकातून दुसऱ्यात शिरताना सांधा दिसू नये आणि दोघांचीही ओळख हरवू नये. म्हणजे ज्या रागाच्या नावाने चित्रपट ओळखला जातो त्याचा धर्म समेटाचा, आणि प्रसंगाचा धर्म झुंजीचा. गीतात हा विरोध पदोपदी जाणवतो. आरंभी दोन्ही कंठ फुलांच्या त्याच मुखड्याशी सारख्याच अदबीने येतात. मग आवर्तने आखूड होत जातात, लय चढते, एकाचे उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नावर आदळू लागते, आणि शेवटी कोणाला तरी थांबावे लागते म्हणून एकजण थांबतो.

भीमसेनांचा वाटा ऐकताना ध्यानात येते की हा आवाज येथे आपल्या सर्व ऐश्वर्यानिशी आलेला नाही. त्यांच्या गायकीचे बळ बढतीत होते: एकेका स्वराला संथपणे सिद्ध करीत, षड्जापासून वर चढत, श्रोत्याची तहान वाढवीत नेऊन मग तानेचा जो लोट सोडावयाचा, त्याला दीड तास लागतो, आणि चित्रपटात दीड तासात नायकाचा जन्म, प्रेम व विरह एवढे सगळे उरकावयाचे असते. तरीही अवघ्या काही ओळींत त्यांचा स्वर लागतो तेव्हा वाद्यमेळ क्षणभर पातळ झाल्याचा भास होतो. मन्ना डे यांचे सामर्थ्य निराळे. शब्द स्वच्छ, मुरकी नेमकी, ध्वनिग्राहकाशी असलेले नाते वर्षानुवर्षांच्या सरावाने मुरलेले. कोणत्या क्षणी स्वर सोडला म्हणजे पडद्यावरील चेहरा उजळेल, हे त्यांना ठाऊक. तेव्हा निवाडा चित्रपटाच्या कायद्यानुसार झाला असेल तर तो यथान्याय झाला असे माझे मत आहे, आणि मैफलीच्या कायद्याने त्याचा विचार करणे म्हणजे एका संस्थानाचा गुन्हा दुसऱ्या संस्थानाच्या कचेरीत चालवणे होय. चित्रपटाच्या राज्यात मन्ना डे स्वगृही होते, भीमसेन पाहुणे. (याच चित्रपटात पन्नालाल घोषांची बासरीही आहे, आणि ती कोणाशीही सामना करीत नसल्यामुळे की काय, काही जाणत्यांच्या मते तीच सर्वांवर कडी करते. मला हे मत पुरते खोडून काढता आलेले नाही.)

धारवाडच्या श्रोत्यापर्यंत हे गीत पोचले तरी कसे? धारवाडचे आकाशवाणी केंद्र १९५० पासून सुरू होते. परंतु १९५२ साली नभोवाणी खात्याचे मंत्री डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपारच केले. केसकर मराठी, अभिजात संगीताचे निःसीम पक्षपाती. हीन अभिरुचीचा संसर्ग थांबवावा हा त्यांचा हेतू शुद्ध होता, पण शुद्ध हेतूने काढलेले फर्मान अनेकदा आंधळे असते. परिणाम असा झाला की देशातील श्रोत्यांनी रेडिओची सुई फिरवून सिलोन लावले, आणि ज्या मल्लिकार्जुन मन्सूरांनी धारवाड केंद्राचे संगीत सल्लागारपद भूषविले त्यांच्याच गावात भीमसेनांचा ख्याल सरकारी लहरींवरून आणि भीमसेनांचेच चित्रपटगीत परदेशी लहरींवरून येऊ लागले. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली तेव्हा ही कोंडी फुटली. त्या पाच वर्षांत चित्रपटगीत हे खालचे आणि राग हा वरचा, अशी जी प्रतवारी अनेक सुशिक्षित मराठी घरांत कायम झाली, तिला ‘केतकी गुलाब जूही’सारखे गीत कोणत्या कप्प्यात टाकावे हे कधीच उमगले नाही.

पारितोषिकांच्या दप्तरात या गीताच्या नावे काही जमा नाही, पण त्याच्या वर्षी त्या दप्तरात मोठी खळबळ झाली. १९५६ च्या चित्रपटांसाठी फिल्मफेअरचे संगीताचे पारितोषिक शंकर-जयकिशन यांनाच मिळाले, ‘बसंत बहार’साठी मात्र नव्हे, तर ‘चोरी चोरी’साठी. समारंभात त्या चित्रपटातील ‘रसिक बलमा’ लताबाईंनी गावे अशी जयकिशन यांची इच्छा होती. गायकाला आणि कवीला जर पारितोषिकच नाही तर चाल वाद्यांवर वाजवून घ्यावी, अशा आशयाचे उत्तर देऊन त्यांनी नकार दिला. या नकाराचे फळ १९५९ साली दिसले: पार्श्वगायनाचे पहिले पारितोषिक ‘मधुमती’तील गीतासाठी स्वतः लताबाईंना, आणि गीतलेखनाचे पहिले पारितोषिक ‘यहुदी’तील गीतासाठी शैलेंद्र यांना मिळाले. शैलेंद्र म्हणजे आपल्या गीताचे कवी. वतनात भाऊबंदांची नावे चढू लागली ती अशी, एकेक करून, आणि मागितल्यावरच. राष्ट्रीय पारितोषिकांत पार्श्वगायकाला जागा मिळण्यास आणखी काही वर्षे लागली. १९६७ च्या चित्रपटांपासून ती मिळाली.

यानंतरचे दोन टप्पे आमच्या मुलखाशी थेट जोडलेले आहेत. १९७५ साली जी. व्ही. अय्यर यांनी ‘हंसगीते’ पुन्हा, या वेळी कन्नडमध्ये आणि कर्नाटक संगीतासह, पडद्यावर आणली, आणि तिच्यातील गायनासाठी एम. बालमुरलीकृष्ण यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. म्हणजे जी कथा हिंदीत दरबार जिंकूनही गायकाच्या पदरी काही टाकू शकली नाही, तिने दरबार नाकारणाऱ्या मूळ रूपात परतल्यावर गायकाला मान मिळवून दिला. हेच बालमुरलीकृष्ण आणि भीमसेन १९६६ च्या ‘संध्याराग’ या कन्नड चित्रपटात दोघेही गायिले होते, आणि तेथे कोणी कोणाला हरवावे अशी अट नव्हती. त्यानंतर १९८४ च्या चित्रपटांसाठी अमोल पालेकरांच्या ‘अनकही’ला दोन राष्ट्रीय पारितोषिके मिळाली, संगीताचे जयदेव यांना आणि पार्श्वगायनाचे भीमसेन जोशींना. चि. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कालाय तस्मै नमः’ या नाटकावरून तो चित्रपट बेतलेला होता. तेव्हा कन्नड मातीतल्या गवयाला चित्रपटगायनाचा राजमान्य हुद्दा मिळवून देण्यात एका मराठी नाटककाराचाही हात लागला. भीमसेन त्या वेळी साठी ओलांडलेले होते. ‘बसंत बहार’मध्ये हरले तेव्हा ते चौतीस वर्षांचे होते.

एक आक्षेप येईल तो येथेच घेतो. भीमसेनांच्या चित्रपटगीतांत मराठी माणसाच्या मुखी सर्वाधिक वसलेले गीत ‘इंद्रायणी काठी’, १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’मधले, काव्य ग. दि. माडगूळकरांचे, संगीत पु. ल. देशपांड्यांचे. ते एखाद्या संताचाच अभंग असावा असे मानून गाणारे कितीतरी आहेत, आणि त्यालाही पारितोषिक नव्हते. मग ते सोडून हरलेल्या सामन्याचे हे हिंदी गीत का निवडले? कारण ‘इंद्रायणी काठी’त भीमसेन एकटे आहेत, तेथे हिस्सेवाटणीचा प्रश्नच उपस्थित होत नाही, भीमपलासाचा तो स्वर लागताच सगळे एकमताने मान डोलावतात, आणि एकमत झालेल्या प्रकरणावर लिहिण्यासारखे थोडेच उरते. ‘केतकी गुलाब जूही’चा तंटा अजून मिटलेला नाही. हुबळी-धारवाडकडील बैठकींत या गीताचा विषय निघाला की दोन तट पडतात, आणि मन्ना डे यांची बाजू घेणाराही आपल्याकडे निघतो, याचे मला समाधान वाटते.

वाचकाला एवढीच विनंती आहे की पुढील विवेचन वाचण्यापूर्वी त्याने ही ध्वनिमुद्रिका दोनदा ऐकावी: एकदा चित्रासह, नायकाच्या बाजूने, आणि दुसऱ्यांदा पडदा झाकून, केवळ दोन कंठांकडे कान देऊन, कोण जिंकणार आहे हे ठाऊक नसल्यासारखी.